सतरा संघांचा मोसम आणि दाराबाहेर राहिलेले दोघे : स्पॅनिश बास्केटबॉल लीगला खुले पत्र

बुर्गोस, मे 2017

प्रति,
अध्यक्ष श्री. फ्रान्सिस्को रोका आणि सर्व सभासद क्लबांचे प्रतिनिधी,
एसीबी (स्पॅनिश बास्केटबॉल क्लबांची संघटना), बार्सिलोना

सादर नमस्कार.

आमच्या घरात फ्रिजवर यंदाच्या लीगचं वेळापत्रक लावलेलं आहे. माझी मुलगी दहा वर्षांची. दर रविवारी रात्री ती पेन्सिलीने त्यावर निकाल लिहिते. मोसम सुरू होताना हा कागद लावला, तेव्हाच तिने विचारलं होतं, की प्रत्येक फेरीच्या खाली एका संघाच्या नावापुढे 'विश्रांती' असं का लिहिलंय. मी सांगितलं, यंदा संघ सतरा आहेत, जोड्या लागत नाहीत, म्हणून दर फेरीत एकाला बसून राहावं लागतं. ती म्हणाली, "मग पालेन्सिया कुठाय? ते जिंकले होते ना?"

पालेन्सिया आमच्यापासून नव्वदेक किलोमीटरवर. मैदानात त्यांच्याशी आमचं हाडवैर. बुर्गोसची पोर पालेन्सियाची बाजू घेते, म्हणजे काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलेलं होतं. मला मात्र तिला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुम्ही द्यावं म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा म्हापशाचा, गोव्याचा. 2011 साली नोकरीनिमित्त या शहरात आलो. पहिल्या हिवाळ्यात मला स्पॅनिश धड येत नव्हतं आणि थंडी तर अशी, की आर्लान्सोन नदीच्या काठाने चालत घरी येताना कान दुखायचे. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने मला एल प्लान्तिओच्या क्रीडागृहात सामन्याला नेलं. तिथे भाषेची अडचण आली नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी मला शेंगदाणे दिले, फ्री थ्रोच्या वेळी गप्प कसं राहायचं आणि पाहुण्या संघाच्या फ्री थ्रोला गोंगाट कसा करायचा ते खुणेने शिकवलं. या शहराशी माझी ओळख त्या बाकांवर झाली. पुढच्या वर्षीपासून मी मोसमाचा पास घेऊ लागलो, तो आजपर्यंत.

या पत्राची स्पॅनिश प्रत मी तुमच्या बार्सिलोनाच्या पत्त्यावर टाकली आहे. मराठीत ते सगळ्यांसमोर मांडतोय, कारण माझ्या गावची माणसंही सध्या अशाच एका बंद दाराशी झगडताहेत. त्यावर पुढे येतो.

2013 मध्ये आमचा संघ, तेव्हाचा आउतोसिद, लेब ओरोमधून वर चढला. लेब ओरो म्हणजे तुमच्या लीगच्या खालची श्रेणी. वर जायचा हक्क आम्ही मैदानात मिळवला होता. त्या रात्री शहर रस्त्यावर उतरलं. मी मुलीला खांद्यावर घेऊन फिरलो, ती सहा वर्षांची होती. आणि मग आठवडाभरात शहराच्या तोंडी एकच शब्द आला : कानोन. तुमच्या लीगमध्ये पाऊल ठेवण्यासाठी भरायचं प्रवेश शुल्क. त्यावर चढ-उतारासाठीच्या निधीत भरायची रक्कम वेगळी. सगळं मिळून आकडा पन्नास लाख युरोच्या घरात. आपल्याकडच्या हिशोबाने आज 35 कोटी रुपयांच्या आसपास. लेब ओरोतल्या क्लबाचा अख्ख्या वर्षाचा खर्चही याच्या जवळपास पोचत नाही.

कारखान्यातल्या आम्ही चौघांनी ठरवलं, की क्लबाने हात पसरला तर आपण थोडे थोडे पैसे घालायचे. मी 300 युरो एका लिफाफ्यात घालून कपाटात ठेवले. चवथीला गोव्याला जायच्या तिकिटासाठी साठवलेल्या पैशांतले होते ते. आमच्यासारखी बरीच घरं होती. पण थेंबे थेंबे साठवून पन्नास लाख होत नाहीत. तो उन्हाळा सरला आणि आम्ही लेब ओरोतच राहिलो.

2014 मध्ये आम्ही पुन्हा चढलो. पुन्हा तेच. 2015 मध्ये तिसऱ्यांदा चढलो. त्या रात्री लोक जमले, गाणी झाली, पण चेहरे वेगळे होते. आनंद करताना माणसं एकमेकांकडे पाहून थांबत होती. मुलगी आठ वर्षांची झाली होती. तिने घरी येताना विचारलं, "या वेळी खरं खरं ना?" जुलैत त्याचंही उत्तर मिळालं. आज इथे जो संघ खेळतो तो नव्या क्लबाचा आहे. तीन वर्षं ओळीने वर चढून दाखवणारा तो संघ त्या श्रेणीत राहिला नाही.

एवढं माझं. आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी, की तुमच्या लीगमध्ये जिंकलेली जागा विकत घ्यावी लागते. आमच्या बाबतीत हे तीनदा घडलं. 2015 मध्ये आमच्याबरोबर ओरेन्सेच्या बाबतीत घडलं. गेल्या वर्षी लेब ओरोतून पालेन्सिया चढला आणि समुद्रापलीकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मेलिया चढला. दोघेही दाराबाहेर राहिले. हे संघ चोरवाटेने आलेले नाहीत. थंडीत, रिकाम्या खिशाने, बसने रात्र रात्र प्रवास करून त्यांनी अख्खा मोसम खेळला आणि सगळ्यांच्या पुढे गेले. नियमपुस्तकात लिहिलंय, की पहिला आलेला आणि प्ले-ऑफ जिंकलेला असे दोघे चढतील. मग जून महिन्यात ते वाक्य बदलतं कसं?

दुसरी तक्रार तुमच्या आतल्या संघांविषयी आहे, आणि ती मी कुणाचा राग म्हणून मांडत नाही. एस्तुदियान्तेसबद्दल मला आदर आहे. 1948 मध्ये माद्रिदच्या रामिरो दे माएस्तू या शाळेतून जन्मलेला क्लब, आजही तिथल्या मुलांना घडवणारा. पण 2012 मध्ये ते उतरणीच्या जागेवर संपले आणि उतरले नाहीत. 2016 मध्ये पुन्हा उतरणीच्या जागेवर संपले आणि पुन्हा उतरले नाहीत. त्यांच्या चाहत्यांनी त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून संघाला निरोप दिला होता. ते अश्रूही तुम्ही निरर्थक ठरवलेत. शेवटच्या फेरीत जीव तोडून खेळून जे संघ वाचले, त्यांच्या मेहनतीचं काय? खाली गेलो तरी खाली जाणार नाही हे ठाऊक असेल, तर तळातल्या सामन्यांत जीव कशाला लावायचा?

गिपुस्कोआचं उदाहरण याच्याच शेजारी ठेवा. तेही गेल्या वर्षी तळाच्या दोघांत होते. पैशांची ओढाताण होती. त्यांनी खालच्या लीगमध्ये खेळायचं स्वतः ठरवलं. गेले, खेळले, आणि यंदा तिथे पहिले आले. उतरणं म्हणजे मरण नसतं, हे सान सेबास्तियानच्या लोकांनी एका वर्षात दाखवून दिलं.

त्यांनी जागा सोडली, पालेन्सिया आणि मेलियाला जागा मिळाली नाही, म्हणून यंदा तुम्ही सतरा संघांवर मोसम चालवलात. प्रत्येक संघ 32 सामने खेळतो आणि दोन फेऱ्या बसून राहतो. स्पेनमधल्या पहिल्या श्रेणीच्या लीगला अठरावा संघ मिळाला नाही, असं कुणाला खरं वाटेल? मिळाला होता. दोन मिळाले होते.

तिसरी तक्रार मुदतीची. मे-जूनमध्ये शेवटचा सामना संपतो. जुलैपर्यंत पैसे, हमीपत्रं, मर्यादित कंपनीचे कागद, सगळं हजर करायचं. एखादा घरगुती क्लब, ज्याचा हिशोब संध्याकाळी नोकरी संपवून आलेला माणूस बघतो, तो एवढ्या दिवसांत काय काय करणार? प्रायोजक शोधायला गेलं तर तो विचारतो, तुम्ही पुढच्या वर्षी नक्की वर असाल का? क्लब म्हणतो, तुम्ही पैसे दिलेत तर असू. अशाने दोघंही जागच्या जागी राहतात.

चौथं, आणि हे आता माझं एकट्याचं मत राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात राष्ट्रीय बाजार व स्पर्धा आयोगाने तुमच्या संघटनेला 4 लाख युरो दंड केला. वर चढणाऱ्या क्लबांवर घातलेल्या आर्थिक अटी अवाजवी आणि भेदभाव करणाऱ्या आहेत, असं त्यांनी ठरवलं. आम्ही बाकांवर बसून चार वर्षं हेच म्हणत होतो. आमच्या बोलण्याला कायद्याची भाषा नव्हती, एवढाच फरक.

तुमची बाजू मी ऐकलेली आहे आणि ती उडवून लावणार नाही. तुम्ही म्हणता, ही लीग क्लबांनी स्वतः उभी केली. 1983 पासून ती तुम्ही चालवता, तिचं नाव, तिचं दूरचित्रवाणीचं उत्पन्न, तिची पत हे सगळं सभासदांनी मिळून कमावलंय, तेव्हा नव्याने येणाऱ्याने त्यात आपला वाटा घालावा. शिवाय पैसे नसलेला क्लब आत घेतला तर खेळाडूंचे पगार थकतील. यातली दुसरी गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. पगार थकवणारा क्लब कुणालाच नको.

पण प्रवेश शुल्काने ते थांबतं का? वायादोलिद आमच्याच कास्तिया-लिऑन प्रदेशातला. वर्षानुवर्षं तुमच्या पंगतीत बसलेला. कर्जात बुडाला, 2014 मध्ये उतरला आणि 2015 मध्ये क्लबच संपला. लिऑन संपला, ग्रानादा संपला. हे सगळे कधी ना कधी आतले होते. कानोन भरला की क्लब धडधाकट राहतो, असं तुमचाच इतिहास सांगत नाही. उलट दारातच सगळी पुंजी काढून घेतली, तर खेळाडूंना द्यायला मागे काय उरणार? क्लबाची पत तपासायची तर हिशोब तपासा, हमी मागा, दर तीन महिन्यांनी पगाराच्या पावत्या मागा. आणि तशाच त्या सगळ्या अठराजणांकडून मागा. माद्रिदकडूनही, बार्सिलोनाकडूनही.

वाट्याचं म्हणाल तर नव्या माणसांनी काय आणलं तेही पाहा. अँडोरा 2014 मध्ये आला. आज तो कुणालाही आपल्या मैदानात सोपं जाऊ देत नाही. आणि तेनेरिफे! 2012 मध्ये वर आलेला बेटावरचा क्लब. 30 एप्रिलला ला लागुनामध्ये, आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर, त्यांनी तुर्कस्तानच्या बानवितला 63–59 हरवून युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली. आम्ही तिघंही टीव्हीसमोर बसलो होतो. मुलगी शेवटच्या मिनिटाला उभी राहिली ती बसलीच नाही. एप्रिलमध्येच मालागाने वालेन्सियाला हरवून युरोकप घेतला, पण तो दोन मातब्बरांचा सामना होता. तेनेरिफेचं यश वेगळं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हा क्लब लेब ओरोत खेळत होता. त्याच्या करंडकाने तुमच्याच लीगचं नाव मोठं झालं. 2013, 2014, 2015 आणि 2016 मध्ये दारातून परत पाठवलेल्यांपैकी कुणी काय केलं असतं, ते आता कधीच कळणार नाही.

त्याच दिवशी, 30 एप्रिललाच, गोव्याहून माझ्या बाबांचा फोन आला. मिझोरामच्या ऐजॉलने भारताची फुटबॉलची आय-लीग जिंकली होती. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी मला लहानपणी म्हापशाच्या दुलेर मैदानावर आणि मडगावला फातोर्ड्याला सामने दाखवले. साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. एकट्या धेंपोने पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं. पण यंदाच्या आय-लीगमध्ये या तिघांतला एकही नव्हता. गेल्या वर्षी महासंघाने आराखडा मांडला, की फ्रँचायझींची लीग सगळ्यात वर आणि तिच्यात चढ-उतार नाही. तेव्हा हे तिन्ही क्लब निषेध म्हणून बाहेर पडले. धेंपो तर दुसरी श्रेणी जिंकून नुकताच वर आलेला होता. बाबांना ऐजॉलचा आनंद झाला होता, पण फोनवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचे नाहीत रे त्यात."

इथे कुणी मला अडवून विचारेल : ऐजॉलही आदल्या वर्षी उतरलेलाच होता ना? त्यांनाही जागा परत मिळाली आणि ते विजेते झाले. मग एस्तुदियान्तेसला मिळाली तर बिघडलं कुठे? फरक आहे. ऐजॉलला रिकामी झालेली जागा मिळाली, कारण दुसरे आपणहून निघून गेले होते. त्या जागेसाठी जिंकून आलेल्या कुणाला हाकलून ती दिली गेली नाही. मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे जे झालं ते याच्या अगदी उलट. आणि आता त्या विजेत्या ऐजॉलला तरी देशाच्या वरच्या लीगमध्ये स्थान मिळणार का, याबद्दल दिल्लीत कुणी धड बोलत नाही. म्हणून मला हे दोन्ही झगडे एकच वाटतात. आमच्याकडे बंद लीग नव्याने बांधली जातेय. तुमच्याकडे नियमात दार आहे, रेखाटलेलंही आहे. ते उघडायचं तेवढं बाकी आहे.

आता मागण्या. यांतली एकही अशक्य नाही.

प्रवेश शुल्क पूर्णपणे रद्द करा. कमी करू, हप्ते देऊ, अशी भाषा कानावर येते. कमी केलेलं शुल्कही शुल्कच. निधीसाठी काही रक्कम लागतच असेल, तर ती क्लबाला लीगमधून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नातून थोडी थोडी वळती करून घ्या.

आर्थिक कसोटी ठेवा, पण ती आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना एकच असू द्या. जुना सभासद तिच्यात नापास झाला तर त्यालाही उतरावं लागेल, असं लेखी लिहा.

कागदपत्रांची यादी आणि अटी मोसम सुरू होण्याआधी, सप्टेंबरातच, लेब ओरोतल्या प्रत्येक क्लबाच्या हातात द्या. म्हणजे तयारीला नऊ महिने मिळतील.

वर चढलेला एखादा क्लब खरोखरच कसोटीत उतरला नाही, तर ती जागा आधी लेब ओरोतल्या पुढच्या क्लबाला विचारा, त्याच्यानंतर त्याच्या पुढच्याला. उतरलेल्याला ती शेवटी द्या.

स्पर्धा आयोगाचा निर्णय मान्य करा. त्याविरुद्ध न्यायालयात वर्षं घालवू नका. वकिलांवर जाणारा पैसा मुलांच्या स्पर्धांना द्या.

आणि एक मागणी अशी, जिला एक पैसाही लागत नाही. तुमच्या इतिहासाच्या नोंदीत लिहा, की बुर्गोस 2013, 2014 आणि 2015 मध्ये, ओरेन्से 2015 मध्ये, आणि पालेन्सिया व मेलिया 2016 मध्ये या लीगमध्ये येण्याचा हक्क खेळून मिळवून बसले होते. ज्या खेळाडूंनी तो मिळवला, त्यांच्यातले किती तरी आता निवृत्त झालेत. त्यांना निदान ती ओळ तरी वाचायला मिळावी.

सध्या आमचा नवा क्लब प्ले-ऑफ खेळतो आहे. पालेन्सियाही खेळतो आहे. दोघांपैकी एकाने किंवा तिसऱ्याच कुणी येत्या जूनमध्ये वर जायचा हक्क मिळवलेला असेल, आणि गिपुस्कोआने तर तो मिळवलाच आहे. तेव्हा निर्णय जुलैपर्यंत लांबवू नका. तुमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्या आणि जाहीर करा. इथे बैलझुंजीच्या जुन्या मैदानावर छप्पर घालून कोलिसिअम उभं केलंय, ते तुमच्या सामन्यांची वाट बघतंय. पुढच्या घरच्या सामन्याची आमची तिकिटं काढून झालीत. तो 300 युरोंचा लिफाफा अजून कपाटात आहे. यंदा तो मी क्लबाला द्यायचा, की त्यातून मुलीला घेऊन चवथीला बाबांकडे जायचं, हे तुमच्या उत्तरावर ठरेल.

आपला विश्वासू,
एल प्लान्तिओचा एक पासधारक प्रेक्षक
मूळ राहणार म्हापसा, गोवा